घरचा हिशेब : अंगठा आपला, उचल दुसऱ्याची



कापसाच्या सुगीत सेलूच्या रस्त्याने चालणे मोठे अवघड होते. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांची रांग, बाजार समितीच्या फाटकापाशी ट्रॅक्टरांची दाटी आणि त्यातून वाट काढणारी आपली मंडळी. एक गोष्ट मात्र आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पूर्वी मालाचे पैसे धोतराच्या कनवटीला किंवा लुगड्याच्या ओच्यात बांधून माणूस घरी जाई आणि वाटेत चारदा हात लावून पाही. आता पैसा खात्यावर येतो. खात्यावर आला म्हणजे पोलादी पेटीत पडला, असे आपण धरून चालतो आणि हात लावून पाहणे सोडून देतो.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींनीही तसेच धरले होते. मावशी सेलू तालुक्यातल्याच. त्यांचे नाव, गाव आणि बँक सांगत नाही, कारण त्यांना ते नको आहे. नवरा गेल्यावर चार एकरांचा व्याप त्यांनी सांभाळला. मुलाच्या मुलीच्या शिक्षणासाठी थोडे थोडे करून खात्यावर पैसे साठवले. एके दिवशी पासबुक भरून घ्यायला गेल्या, तेव्हा शिल्लक चोवीस हजारांनी कमी निघाली. तीन दिवसांत तीन वेळा उचल झाली होती, आणि तीही अंगठा लावून. मावशी तर त्या आठवड्यात गावाबाहेरही पडल्या नव्हत्या.

हे कळल्यावर मावशींनी काय केले असेल? पासबुक पदराखाली घेतले, घरी आल्या आणि पंधरा दिवस कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत.

"मावशी, अहो लगेच का नाही सांगितलं?" मी विचारले.

"कसं सांगावं भाऊ? पोरगा म्हनला असता, म्हातारीनं कुठंबी अंगठा लावला. सून काय म्हनली असती? मलाच वाटू लागलं, आपलंच काही चुकलं असंल."

मंडळी, आजचा सगळा हिशेब मावशींच्या या शेवटच्या वाक्याचा आहे. चोराने चोवीस हजार नेले, ते एका मिनिटाचे काम. पण त्याला निसटायला जे पंधरा दिवस मिळाले, ते मावशींच्या लाजेने दिले. घरफोडी झाली तर आपण ओरडून गल्ली गोळा करतो. बैल चोरीला गेला तर रातोरात दहा गावे पालथी घालतो. खात्यावरचा पैसा गेला की मात्र तोंड झाकून बसतो. असे का व्हावे?

अंगठ्याची जुनी गोष्ट

अंगठ्याशी आपले नाते जुने आहे. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. रस्त्याचे सामान पुरवण्याचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या तळहाताचा ठसा कागदावर घेतला. उद्या हा माणूस "सही माझी नव्हे" म्हणाला तर काय, ही साहेबाची काळजी. पुढे बोटांच्या ठशांचे शास्त्र वाढले आणि ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा ही देशभर रीत झाली.

पण "सही माझी नव्हे" म्हणण्याची पाळी ठेकेदारापेक्षा शेतकऱ्यावरच जास्त आली. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे हे न कळता निशाणी करणारा कुणबी आणि त्यावर हवा तो आकडा भरणारा सावकार, ही कहाणी आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरोघरची. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यानंतर 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यायचे रोखे सरकारी निबंधकासमोर व्हावेत, देण्या-घेण्याची पावती मिळावी, अशी तजवीज त्यात केली. आपला सेलू-परभणीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा इकडे लागू नव्हता, पण त्यातले मर्म सगळ्यांनाच लागू आहे. ज्या कागदावर आपले नाव आहे, तो कागद काय म्हणतो हे आपल्याला कळले पाहिजे आणि त्याची पोच आपल्या हाती असली पाहिजे.

रोखा गेला आणि यंत्र आले. मर्म तेच राहिले.

आपल्याच जिल्ह्यात

कुणी म्हणेल, या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी झाल्या, शिकल्यासवरल्याला कोण फसवणार? त्याने आपल्याच जिल्ह्यातले गंगाखेडचे प्रकरण आठवावे. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर, त्यांना न कळता, ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या नावाखाली निरनिराळ्या बँकांतून कर्जे उचलली गेली, अशी तक्रार तिथे झाली. ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती, त्यांच्या दारी वसुलीच्या नोटिसा आल्या. जुलै 2017 मध्ये गंगाखेड पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पुढे तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राच्या अंमलबजावणी संचालनालयाने गंगाखेड शुगर अँड एनर्जी आणि तिच्याशी संबंधित कंपन्यांची सुमारे 255 कोटी रुपयांची मालमत्ता टाचेखाली आणली. दोषी कोण आणि निर्दोष कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, ते आपण करू नये. आपण घ्यायचा तो धडा एवढाच, की नोटिसा आलेल्यांत वाचता-लिहिता येणारेही होते. कागद दिला तो एका कामासाठी आणि वापरला गेला दुसऱ्याच कामासाठी, अशी त्यांची तक्रार होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे प्रकरण उजेडात आले ते नोटीस मिळालेले शेतकरी गप्प बसले नाहीत म्हणून. एकेकट्याने नोटीस घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवली असती, तर ते कर्ज कायमचे त्यांच्या नावावर चिकटले असते.

चोर कोणत्या वाटेने येतो?

मुख्य वाटा चार आहेत.

पहिली अंगठ्याची. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. पासबुकही लागत नाही आणि गुप्त आकडाही लागत नाही. गावातल्या बँक मित्राकडे म्हातारा माणूस पैसे काढू शकतो, ही या सोयीची चांगली बाजू. वाईट बाजू अशी, की "ठसा नीट उमटला नाही, पुन्हा लावा" असे म्हणून दोनदा-तीनदा अंगठा लावून घेणारा भामटाही त्याच यंत्राने पैसे काढतो. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे नकली बोट बनवल्याचे प्रकारही झाले आहेत. 2023 साली कर्नाटकात अशा तक्रारी पोलिसांकडे आल्या होत्या.

दुसरी वाट झेरॉक्सची. विम्याला, अनुदानाला, गॅसला, सिमकार्डाला, कुठेही आपण आधारकार्ड, पॅनकार्ड आणि सातबाराच्या प्रती मोकळ्या हाताने देतो. दुकानात एक जास्तीची प्रत निघाली तर ती तिथेच टाकून येतो. राज्यात 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा उतरवण्याची योजना होती, तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीवर तिसऱ्यानेच विमा उतरवल्याच्या तक्रारी आल्या, त्या याच वाटेने. ती योजना 2025 मध्ये बंद झाली, पण ती वाट बंद झालेली नाही.

तिसरी वाट मोबाइलची. व्हॉट्सॲपवर "पीएम किसानचा हप्ता पाहा", "गाडीचा दंड भरा" अशा नावाने एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. तिला बोट लावले की मोबाइलच चोराच्या ताब्यात जातो आणि बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तोच वाचतो.

चौथी वाट सिमकार्डाची. तुमच्या कागदावर दुसऱ्याने कार्ड घ्यायचे आणि त्यावरून तिसऱ्याला फसवायचे. मग एक दिवस पोलीस तुमच्या दारी येतात.

पहिला तास

आता मुख्य कामाचे बोलू. पैसे गेले हे कळले की 1930 हा क्रमांक फिरवायचा. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा सरकारी क्रमांक आहे. देवघराशेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवावा, इतक्या कामाचा आहे.

तो एवढा महत्त्वाचा का, ते समजून घ्या. चोर चोरीचा पैसा पहिल्या खात्यात फार वेळ ठेवत नाही. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवतो आणि शेवटी रोख काढून घेतो. 1930 वर तक्रार गेली की ज्या ज्या बँकेत तो पैसा पोहोचला असेल, तिला सूचना जाते आणि तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी अडवून धरता येते. ओढ्याचे पाणी वाहून जाण्याआधी बांध घालण्यासारखे हे आहे. बांध वेळेवर घातला तर पाणी थांबते. महिनाभराने घातला तर कोरड्या पात्रात माती टाकणे होते. अडवलेली रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकाला परत मिळू शकते.

फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि मोबाइलवर आलेला संदेश समोर ठेवावा. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो वहीत लिहून घ्यावा. हीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही करता येते. घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला ते काम सांगावे.

त्याच तासात बँकेलाही फोन करून खात्यातील उचल थांबवायला सांगावे. एटीएम कार्डाच्या मागे बँकेचा क्रमांक छापलेला असतो. मात्र बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण तिथे चोरांनीही आपले क्रमांक बँकेच्या नावाने मांडून ठेवलेले असतात.

पहिले तीन दिवस

दुसऱ्या दिवशी बँकेत प्रत्यक्ष जावे आणि लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक बँकेला द्यावी आणि दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन ती घरी ठेवावी. साहेबाने तोंडी "बघतो" म्हटले म्हणून उठून येऊ नये. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेने 2017 साली एक नियम घालून दिला. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी लबाडी केली आहे, आणि बँकेकडून त्या व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवले, तर तोटा तुमच्या माथी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर तोट्याचा मर्यादित भाग तुमच्यावर येतो. त्याहून उशीर झाला तर पुढचे बँकेच्या धोरणावर राहते. ओटीपी किंवा गुप्त आकडा तुम्ही स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याचा फायदा आहेच. शिवाय ग्राहकच जबाबदार आहे असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो.

नंतर पोलीस ठाणे. आपल्या लोकांचा एक समज आहे, की सायबरचे प्रकरण म्हणजे परभणीलाच जावे लागते. परभणीला जिल्हा पोलिसांची सायबर शाखा आहे आणि तिची मदत होतेच. पण तक्रार सेलूच्या ठाण्यातही देता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. नोंदलेल्या खबरीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात दाद लागली नाही, तर तीच तक्रार लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा तशी ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मात्र आधी बँकेला लेखी कळवलेले असावे लागते. पोचेचा कागद इथे पुन्हा कामाला येतो.

न घेतलेले कर्ज

पैसे जाणे हे एक दुखणे. न घेतलेले कर्ज नावावर निघणे हे त्याहून वाईट, कारण ते वर्षानुवर्षे कळतच नाही. पीककर्जाला गेल्यावर बँकेतला साहेब म्हणतो, "तुमचं सिबिल खराब आहे," तेव्हा पायाखालची जमीन सरकते.

सिबिल म्हणजे काय? कोणी किती कर्ज घेतले आणि कसे फेडले, याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा त्या चार. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दरवर्षी पाडव्याला हिशेबाची नवी वही उघडता, तसा हा अहवाल काढून पाहावा. आपण न घेतलेले कर्ज त्यात दिसले तर त्या कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे तक्रार करावी. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लागला पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे.

बँकेला अर्ज लिहिताना तीन गोष्टी मागाव्यात. कर्जाचा मूळ अर्ज आणि त्यावरील सही किंवा अंगठा. त्यासोबत जोडलेली कागदपत्रे. आणि कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली त्याचा उतारा. पैसा कुणाच्या खात्यात गेला हे कळले की निम्मे प्रकरण उलगडते.

एक इशारा नीट लक्षात ठेवा. अशा वेळी कुणी म्हणेल, "कशाला भानगड, थोडे भरून टाका." कुणी म्हणेल, "नवं-जुनं करून घ्या, बाकी नंतर पाहू." असे काही करू नये. न घेतलेल्या कर्जाचा एक हप्ता जरी भरला किंवा नव्या कागदावर सही केली, तरी उद्या त्याचा अर्थ "कर्ज मी मान्य केले" असा लावला जाईल. आधी लेखी नकार द्यावा आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांना तिथे फुकट वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. वसुलीवाल्यांनी घरी येऊन दमदाटी केली तर तीही लिहून ठेवा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे.

दुसरा चोर

एकदा फसलेल्या माणसाकडे दुसरा चोर हमखास येतो. "तुमचे गेलेले पैसे मी काढून देतो, पाच हजार फी भरा," असा फोन येतो. बोलणारा स्वतःला पोलीस, वकील किंवा रिझर्व्ह बँकेचा माणूस म्हणवतो. तुमचे नाव आणि गेलेली रक्कमही त्याला ठाऊक असते, म्हणून विश्वास बसतो. गेलेल्या पैशाच्या ओढीने माणूस उरलेलाही घालवतो. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस किंवा रिझर्व्ह बँक फोनवरून फी मागत नाही, एवढे गाठीला बांधा.

घरच्या दाराला कडी

उपाय साधे आहेत. आधारकार्डाची प्रत देताना तिच्यावर आडवी रेघ मारून "फक्त अमुक कामासाठी", तारीख आणि सही लिहावी. आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच दिसतील अशी प्रतही निघते, चालत असेल तिथे तीच द्यावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही किंवा अंगठा भावालाही देऊ नये.

आधारचे ठसे कुलूपबंद करता येतात. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असेल तर हे घरबसल्या होते. अडचण आली तर 1947 या क्रमांकावर विचारावे. मात्र ठशांना कुलूप असेल तर रेशन दुकानातल्या यंत्रावरही अंगठा चालत नाही, तेव्हा धान्य आणायच्या दिवशी ते उघडायचे आणि घरी आल्यावर पुन्हा लावायचे. ज्यांना अंगठ्याने पैसे काढण्याची गरजच नाही, त्यांनी तो व्यवहार आपल्या खात्यावर बंद करावा म्हणून बँकेला लेखी अर्ज द्यावा.

आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे सरकारच्या संचार साथी या पोर्टलवर दिसते. अनोळखी निघाले तर तिथेच ते बंद करायला सांगता येते. बँकेत आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे ना, हे आजच विचारा. मावशींच्या खात्याला जोडलेला क्रमांक नवऱ्याच्या जुन्या फोनचा होता. तो कधीच बंद पडला होता. तीनही उचलींचे संदेश गेले असतील, पण वाचायला कुणी नव्हते. आणि मोबाइल असो वा नसो, महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे. कनवटीला हात लावून पाहण्याची आजची रीत ती हीच.

घरात काय बोलावे

शेवटी घरातल्या धडधाकट, शिकल्यासवरल्या मंडळींना दोन शब्द.

तुमच्या घरात आई, वडील, आजी किंवा शेजारची विधवा बाई फसली, तर तुमच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य फार मोलाचे आहे. "तुला कुणी सांगितलं होतं अंगठा लावायला?" हे वाक्य निघाले की पुढच्या वेळी ते माणूस तुम्हाला काही सांगणार नाही. "बरं झालं सांगितलंस, चल आपण दोघं बँकेत जाऊ," हे वाक्य निघाले तर निम्मे काम झाले. रागवायचे असेल तर चोरावर रागवा. शहरातले मोठे मोठे हुद्देदारही फसतात. मग उन्हातान्हात राबून आलेल्या माणसाला एका फोनने गोंधळवणे काय अवघड आहे? फसणे हे पाप नव्हे, ते फसवणाऱ्याचे पाप आहे.

आपल्या मराठवाड्यात कर्जाच्या आणि अब्रूच्या ओझ्याने माणसे कोणत्या टोकाला जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. घरातले कुणी पैसे गेल्यापासून जेवत नसेल, झोपत नसेल, एकटेच बसत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. मनाच्या दुखण्यासाठी सरकारचा टेली-मानस हा 14416 क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतूनही बोलता येते. पैसा पुन्हा मिळवता येतो. घरचे माणूस पुन्हा मिळत नाही.

मावशींचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. सोळाव्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितले. मुलगा काही बोलला नाही. त्याने मोटारसायकल काढली, आईला मागे बसवले आणि सेलूला आणले. 1930 वर तक्रार झाली, बँकेत लेखी अर्ज झाला, ठाण्यात खबर दिली. पैसे हे लिहीपर्यंत परत आलेले नाहीत. पंधरा दिवसांचा उशीर नडला, हे खरेच. पण बँकेने चौकशी लावली आहे, लोकपालाचा दरवाजा अजून उघडा आहे, आणि पुढची उचल होण्याआधी खात्याला कुलूप पडले आहे.

मावशींची नात शाळेत जाते. तिने घराच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, मोठ्या अक्षरात 1930 लिहिले आहे. मावशींना वाचता येत नाही, पण तो आकडा त्या बोट लावून दाखवतात. परवा शेजारीण एका फोनने घाबरून धावत आली, तेव्हा तिला भिंतीपाशी घेऊन गेल्या त्या मावशीच.

तुमच्या घरात हे पान वाचून झाले की त्या भिंतीसारखी एक भिंत तुम्हीही करा. आणि मावशींसारखे कुणी पंधरा दिवस मनात धरून बसले असेल, तर हे पान त्याच्या हाती द्या. पुढच्या वेळी आपण वारसनोंदीचा हिशेब मांडू, म्हणजे घरधनी गेल्यावर सातबारा, बँकेचे खाते आणि विमा यांवर नाव कसे लावायचे, ते. तोपर्यंत राम राम.